डबा संपला, भावा

कॅन्सस सिटी, मिसुरी
रविवार, रात्रीचे साडेअकरा

भावा,

डबा संपला. कुठला ते तुला सांगायला नको. लाल झाकणाचा, आपण दोघं एका खोलीत राहायचो तेव्हा कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून आणायचो तो. भाजण्याआधी मांसाला चोळायचा तो कोरडा मसाला. इथे त्याला 'रब' म्हणतात, तू 'चोळमसाला' म्हणायचास, आणि अजूनही मला 'रब' म्हणताना कसंतरीच होतं. तळाशी जेमतेम ३५ ग्रॅम उरला तेव्हा दुसरा आणायला गेलो, तर फळीवर त्याची जागाच नाही. कंपनी दुसऱ्या कुणीतरी घेतली म्हणे, आणि नव्या यादीत आपला डबा नाही. मी पत्र लिहिलं. उत्तर गोड आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, उत्पादन बंद झालं आहे, कृती देता येत नाही. सोबत त्यांच्या दुसऱ्या मसाल्याचं सवलतीचं कूपन. ते मी फाडलं नाही, पण वापरलंही नाही.

मग ठरवलं, आपणच करू. कांडपाच्या वासात वाढलेल्या माणसाचा मी रूममेट होतो, एवढं येणार नाही का? नाही आलं. चार महिने लागले.

पहिली चूक आपल्या रक्तातली. जिरे, मिरी, सगळं तव्यावर मंद भाजलं, कुटलं, मिसळलं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरची बाई 'आज करी का?' विचारून गेली. झाला होता फक्कड गरम मसाला. इथे मसाला कच्चाच घालतात हे डोक्यात शिरायला दोन आठवडे गेले. बरोबरच आहे, पुढे पाच-सहा तास धुरात तो मांसावरच भाजला जाणार असतो. आधीच भाजलेला पुन्हा भाजला की कडू होतो.

दुसरी चूक तिखटाची. इथल्या 'चिली पावडर'वर तू पहिल्या आठवड्यात केलेली मिसळ आठवते? चमच्यावर चमचे ओततोयस आणि तिखट काही लागत नाही, उलट जिऱ्याचा नि लसणाचा वास! ते मिरचीचं तिखट नव्हेच, मिरची-जिरे-ओरेगॅनो-लसूण यांचं तयार मिश्रण. टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्सला गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात तसं मिश्रण विकायला काढलं, आणि तेव्हापासून आपल्यासारखे लोक फसतायत. या वेळी मी शहाणा होऊन भारतीय दुकानातून ब्याडगी आणली. काकू म्हणतात ना, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. रंग डब्यासारखाच आला, पण जीभ पोळली. डब्यात पाप्रिका होती, मिरचीचीच पूड, पण जवळपास तिखटपणा नसलेली, नुसत्या रंगाची आणि किंचित गोडसर. मग कुणीतरी स्पेनची धुरावलेली पाप्रिका सुचवली. ती घातल्यावर सगळं शेकोटीत पडल्यासारखं लागायला लागलं. शेवटी साधी, स्वस्त पाप्रिकाच बरोबर निघाली.

तेव्हा एका रात्री चव सोडली आणि डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. इथल्या कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आपल्या डब्यावर होतं: मीठ, साखर, पाप्रिका, मसाले, लसूण पावडर, कांदा पावडर, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड. 'मसाले' हा शब्द म्हणजे चोरखिसा, त्यात काय दडलंय ते सांगायचं बंधन नाही. पण त्या खिशालाही नियम आहेत. लसूण-कांदा त्यात लपवता येत नाहीत, ते अन्न समजलं जातं. हळद, केशर, पाप्रिका रंग देतात म्हणून तीही गुपचूप घालता येत नाहीत.

पुढे पोषणाचा तक्ता. पाव चमचा म्हणजे १ ग्रॅम, त्यात सोडियम १८० मिलिग्रॅम. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के. म्हणजे एका ग्रॅममध्ये ४६० मिलिग्रॅम मीठ! भावा, आपण दोन वर्षं निम्मं मीठच चोळत होतो. साखरेपुढे मात्र शून्य. यादीत दुसरी आणि तक्त्यात शून्य? तर अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापायची मुभा आहे. मी ब्राउन शुगर घालत होतो, एकदा तर गूळही किसला, हसू नकोस. पण लेबलवर नुसतं 'साखर' होतं, म्हणजे आपली पांढरी.

साखर किती, हे काढायला मी जे केलं ते ऐकून तू मला वेड्यात काढशील. १० ग्रॅम मसाला गरम पाण्यात कालवला, कॉफीच्या कागदातून गाळला, चोथा मंद ओव्हनमध्ये वाळवून दागिने तोलायच्या काट्यावर ठेवला. भरला २.४ ग्रॅम. विरघळलेल्या ७.६ पैकी मीठ ४.६. उरलेले ३ म्हणजे सगळी साखर नव्हे, लसूण, कांदा आणि पाप्रिकाही पाण्यात बऱ्याच विरघळतात. म्हणून माझंही मिश्रण तसंच धुऊन बघायला लागलो आणि चोथा जुळेपर्यंत साखर कमी-जास्त करत राहिलो. सहाव्या धुण्याला जुळला.

राहिला चोरखिसा. चहाच्या गाळणीने उरलेला मसाला चाळला. वर जाडसर मिरी राहिली. पिवळे कण दिसले. हळद म्हणावं तर ती नावानिशी लिहिलेली नाही. थोडे ओले करून दहा मिनिटांनी नाकाशी नेले आणि डोळ्यांत पाणी आलं. मोहरी! कोरडी असते तोवर गप्प, पाण्यात फेसली की नाकात जाते, हे लोणच्याच्या मोहरीवर मी काकूंच्याच स्वयंपाकघरात शिकलोय. जिरे वासावरून कळले. आणि शेवटी गाळणीला चिकटलेले ते तपकिरी, खसखशीहून थोडेसे मोठे दाणे. चावून पाहिले. ओव्याच्या भाऊबंदांपैकी, पण ओव्याइतके झणझणीत नाहीत, मागून कडवट. सेलरीचं बी. आपण 'काहीतरी ओळखीचं लागतंय, पण नाव सापडत नाही' म्हणायचो ना, ते हे होतं.

तर १०० ग्रॅमला: मीठ ४६, साखर १६, पाप्रिका १४, लसूण ७, कांदा ४, मिरी ५, मोहरी ३, सेलरी २, जिरे २. उरलेला एक ग्रॅम सिलिकॉनचा, तो मी घालत नाही. घरच्या डब्यात गुठळी झाली तर फोडायला हात आहेत.

आणि तरीही चुकत होतं. वजन जुळलं, रंग जुळला, चोथा जुळला, पण माझा मसाला नाकात घुसायचा, लसूण वेगळा ओरडायचा, मिरी वेगळी. शेजारी एक म्हातारबाबा राहतात, आयुष्यभर धुरावर मांसाच्या बरगड्या भाजत आलेले. त्यांना चाखायला दिला, तर म्हणाले, 'चव बरोबर आहे, घाई झालीय.' मग गोष्ट सांगत बसले. १९०८ साली या गावात हेन्री पेरीने ठेल्यावर धुरातलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली, त्याचा सॉस जहाल असायचा. त्याच्या हाताखालचा चार्ली ब्रायंट, मग चार्लीचा भाऊ आर्थर. आर्थरने तो जहालपणा उतरवला. बाबा म्हणतात, 'आता सांग, खरा कुठला?' मी म्हटलं, मला खरा नको, मला डब्यातला पाहिजे. (ब्रुकलिन अव्हेन्यूवरच्या त्याच ब्रायंटच्या हॉटेलाच्या रांगेत आपण बर्फात उभे होतो आणि तू काकूंना फोनवर 'बोकडाचंच आहे' म्हणून सांगितलंस. अजून सांगितलं नाहीस ना खरं?)

'घाई' हा शब्द रात्रभर डोक्यात राहिला. सकाळी डब्याचा तळ उलटा करून तारीख पाहिली. तीन वर्षं जुनी! मी ज्याची नक्कल करत होतो तो शिळा होता. त्याचा लसूण उडून गेला होता, मिरी थकली होती, आणि सगळ्यांनी एकमेकांचा वास घेतला होता. आपल्याकडे याला शब्द आहे आणि मला आठवला नाही, याची लाज वाटली. मुरणं! वर्षाची चटणी झाली की काकू बरणीत हिंगाचे खडे टाकून दादरा बांधतात आणि पंधरा दिवस कुणाला हात लावू देत नाहीत.

मी बरणी कपाटात मागे सारली आणि तीन आठवडे वाट पाहिली. काल उघडली. केटलमध्ये, म्हणजे झाकणाच्या गोल कोळशाच्या शेगडीत, कोळसे एका बाजूला, धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे दोन तुकडे, बरगड्या दुसऱ्या बाजूला, उष्णता १०७ अंशांच्या आसपास. साडेपाच तास. काळी खरपूस साल चढली. बाबांनी दोन बरगड्या खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत. तिसरी उचलली.

पण बाबांनी आपला डबा कधी खाल्लेला नाही. ती चव माहीत असलेला माझ्याशिवाय एकच माणूस जगात आहे आणि तो कोल्हापुरात बसून माझ्या फोटोंना नुसते अंगठे पाठवतो. म्हणून ऑफिसातला एकजण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन पुड्या धाडतोय, तिथून तो कुरिअर करेल. एकीवर 'क', दुसरीवर 'ख'. दोन्हींत १०-१० ग्रॅम. एकीत जुन्या डब्यातला शेवटचा, दुसरीत माझा. मटणावर उधळू नकोस, तेवढा नाही. अंडी उकड, अर्धी कर, एकावर क, एकावर ख, मध्ये पाणी पी. काकूंनाही दे, पण त्यांच्यासमोर तू आधी बोलू नकोस. नाहीतर त्या तुझीच री ओढतील, किंवा मुद्दाम उलटं सांगतील.

कुठल्या पुडीत काय ते चिठ्ठीवर लिहून पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. उत्तर लिहिल्याशिवाय ती सोडवायची नाही. सोडवलीस तर मला कळेल, चिकटपट्टीवर मी सही केलीय.

आणि निम्मं मीठ आहे हे काकूंना सांगू नकोस. त्यांचं ब्लडप्रेशर आधीच माझ्या नावाने वाढतं.

तुझा,
खालच्या बंकवरचा

ता. क. सेलरीचं बी तिकडे मिळालं नाही तर अजमोद चालेल का, हे काकूंना विचार. माझा अंदाज चालेल असा आहे, पण त्यांचं नाक माझ्यापेक्षा खरं.