सकाळच्या त्या कार्यक्रमाबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते आणि बाबा, तुम्ही पाण्याच्या टाकीवर घसरता. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, औषधांच्या डब्यात तुमच्या साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच न फोडलेल्या दिसल्या आणि शेजारी चूर्णाचे दोन डबे. आईने सांगितलं, सकाळच्या कार्यक्रमात बघून मागवले. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. दुसऱ्या दिवशी मी तो कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पांढरा कोट घातलेले गृहस्थ, मान डोलावत प्रश्न विचारणारी निवेदिका, "आता गोळ्या बंद केल्या" म्हणणारे एक काका आणि खाली सतत सरकणारा फोन नंबर. पण चूर्णात नेमकं काय घातलंय, हे एकानेही सांगितलं नाही. बाबा, ती जाहिरात आहे. वाहिनीकडून वेळ विकत घेतात आणि बातम्यांसारखा देखावा उभा करतात.

मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. त्यासाठी १९५४ चा कायदा आहे आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे. तरी अशा जाहिराती दिसतात, कारण प्रत्येक जाहिरात दाखवण्याआधी कुणी सरकारी माणूस ती तपासत नाही. बहुतेक वेळा चौकशी होते ती कुणी तक्रार केल्यावर. तुम्ही दूरदर्शनच्या काळातली माणसं. टीव्हीवर सांगितलं म्हणजे कुणीतरी खात्री करून घेतली असेल, हा तुमचा विश्वास मला समजतो. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय तुम्ही ती पिशवीत टाकत नाही, आणि रोज पोटात जाणारं चूर्ण मात्र एका फोनवर घरी आलं.

आई म्हणाली, "त्यांना वाटतं, आपलं दुखणं पोरांवर पडू नये." बाबा, हे ऐकून मला रडू आलं. त्या जाहिरातीने नेमकं हेच हेरलंय. तुम्हाला कुणी भोळं समजू नये. तुमच्या मनात आमची काळजी आहे, आणि तीच ते विकून खातात.

तुमच्या नातवाचंही तेच. मे महिन्याच्या सुट्टीत तो तुमच्याकडे होता, तेव्हा दुपारी कार्टून बघता बघता त्याने तुला विचारलं होतं ना आई, "मी ते प्यायलो नाही तर उंच होणार नाही का गं आजी?" संध्याकाळी तू जाहिरातीतल्या त्या पेयाचा डबा घेऊन आलीस. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला समोरचा आपल्याला काही विकतोय, हे नीट उमगत नाही. त्याच्या लेखी कार्टून आणि जाहिरात सगळं एकच. स्वीडनमध्ये तर १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करूच देत नाहीत. आपल्याकडे २०२२ च्या नियमांत म्हटलंय की, अमुक खाल्ल्याने मूल हुशार किंवा ताकदवान होईल असं पुराव्याशिवाय मुलांना सांगायचं नाही. आणि २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' म्हणून काही प्रकारच नाही. त्या डब्याची मागची बाजू चष्मा लावून वाच. १०० ग्रॅममध्ये साखर किती, तेवढंच बघ. त्याला तुझ्या हातची नाचणीची खीर आवडते, गूळ जरा बेताने घालून तीच दे.

टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. दिवसभर घरात तुम्ही दोघंच, त्याची सोबत होते हे मला ठाऊक आहे. फक्त औषधाचं आणि पोराच्या खाण्याचं काही दिसलं, तर मागवण्याआधी मला एक फोन करा. मी कामात असले तरी उचलेन.

आता गोळ्यांचं. पत्र मिळताच डॉक्टरांना फोन करून किती दिवस गोळ्या घेतल्या नाहीत ते खरं सांगा, आणि ते म्हणतील तशा लगेच सुरू करा. ते रागावणार नाहीत. शनिवारी सकाळी मी वाकडहून लवकर निघून येते. उपाशीपोटी साखर बघू, तीन महिन्यांच्या सरासरीचीही तपासणी करून घेऊ आणि तसेच डॉक्टरांकडे जाऊ. चूर्णाचे डबे टाकू नका, त्यांना दाखवायचे आहेत. घरी आलो की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू. बाबा, बोला तुम्हीच, तुमच्यासारखं मुद्देसूद मला जमत नाही. पावती आणि जुन्या रिपोर्टची फाईल काढून ठेवा.

आई, शनिवारी जेवायला आम्ही तिघंही आहोत. फार काही करत बसू नकोस, पिठलं-भाकरी पुरे.

तुमची लेक