डिफ लॉकचं पॅडल टाचेखाली यायला पाहिजे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

वावर ओलं असताना ट्रॅक्टर फसला की बघणारे लगेच म्हणतात इंजिनात दम नाही, टायर झिजलेत, ड्रायव्हर कच्चा आहे. यातलं काहीतरी खरं असूही शकतं, पण मी बघितलेल्या बऱ्याचशा वेळा एक मागचं चाक जागेवर गरगर फिरत असतं, दुसरं घट्ट जमिनीवर शांत उभं असतं, आणि डिफ लॉकच्या (म्हणजे डिफरन्शियल लॉक, मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) पॅडलवर ड्रायव्हरचा पाय गेलेलाच नसतो. का गेला नाही हे कोणी विचारत नाही. ते पॅडलच अशा जागी आहे की पाय सहज जात नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

ज्यांना ट्रॅक्टरचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असतं, ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देतं. पण ते जोर मात्र दोन्हीकडं सारखाच वाटतं, आणि इथंच गोची होते, कारण चिखलातल्या चाकाला फिरायला जेवढा थोडासा जोर लागतो तेवढाच थोडासा जोर पकड असलेल्या चाकालाही मिळतो, मग इंजिन कितीही हॉर्सपॉवरचं असू द्या. डिफ लॉक दाबला की आतली दात्यांची कॉलर (कडं) सरकून दोन्ही हाफ शाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, एकत्र बांधते, दोन्ही चाकं एकाच स्पीडनं फिरतात आणि घट्ट जमिनीवरचं चाक ट्रॅक्टर ओढून काढतं. नांगरताना तर हे कायमच लागतं, एक चाक नांगराच्या तासात (चरीत) आणि एक वर असतं, आणि वरचं चाक हलकं पडून घसरतं.

आता पॅडलकडं येतो. बऱ्याच ट्रॅक्टरवर ते उजव्या बाजूला, सीटच्या खालच्या अंगाला, टाचेनं दाबायचं असतं आणि दाबून धरावं लागतं, पाय काढला की स्प्रिंगनं सुटतं. उजवा पाय म्हणजे आधीच सगळ्यात जास्त कामाचा पाय, दोन्ही ब्रेक त्याच्याकडं, पायाचं एक्सलेटर असलं तर तेही त्याच्याकडं. त्यात नांगर किंवा रोटाव्हेटर चालू असताना माणूस कमरेत वळून मागं बघत बसलेला असतो, म्हणजे टाच जिथं असायला पाहिजे तिथून आधीच सरकलेली असते. उंच माणसाला गुडघा वर घेऊन पाय मागं ओढावा लागतो, बुटक्या माणसाला सीटच्या कडेवर यावं लागतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचं तर विचारूच नका. पॅडलची पट्टीही इतकी अरुंद असते की चिखलाचा बूट त्यावरून घसरतो.

अजून एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. पॅडल दाबल्यावर लॉक दरवेळी लगेच बसत नाही, कॉलरचे दाते समोरच्या खाचांना जुळेपर्यंत पॅडल अर्ध्यावर अडल्यासारखं वाटतं, चाकं जरा फिरली की खट् करून आत जातं. ती अर्ध्यावरची अडण जाणवली की माणसाला वाटतं पॅडल जाम आहे आणि तो पाय काढून घेतो, तिथं हलका दाब ठेवून ट्रॅक्टर हळू सरकवायचा असतो. पण अवघडलेल्या टाचेनं असा दाब धरून ठेवणार कसा?

आणि डिफ लॉकची खरी वेळ फसायच्या आधीची आहे हे मला ठासून सांगायचंय. पुढं ओला पट्टा दिसला की स्पीड कमी करायचा, क्लच दाबायचा, चाकं थांबली की लॉक लावायचा आणि मग सरळ निघून जायचं. चाक जोरात फिरत असताना लॉक मारला तर दाते तुटतात, हाफ शाफ्टवर झटका बसतो. ट्रॅक्टर एक्सलपर्यंत रुतल्यावर लॉक लावून जोर करण्यात अर्थ नाही, उलट धोकाच आहे, कारण मागची चाकं फिरूच शकत नसली की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर मागं उलटतो. चाकाला लाकूड बांधून जोर केल्यावर हेच होतं आणि त्यात माणसं गेलीयेत. म्हणून ज्या काही सेकंदांत हे पॅडल उपयोगाचं असतं त्या सेकंदांत ते न बघता सापडलं पाहिजे.

मग करायचं काय? पहिलं काम फुकटातलं आहे, पॅडलच्या पिनभोवती साचलेला चिखल आणि काडीकचरा काढा, गंज असेल तर तेल सोडा, ग्रीस निप्पल असेल तर पंप मारा. लोक वर्षानुवर्षं पॅडल दाबत नाहीत म्हणून पिन बुशमध्ये (ज्या नळीत ती फिरते तिच्यात) धरून बसते, आणि मग पॅडल कडक आहे म्हणून अजून दाबत नाहीत. बुश ढिली झाली असेल तर पॅडल आडवं हलतं आणि अर्धी चाल तिथंच वाया जाते, लिंकेजला ॲडजस्टमेंट असेल तर मेस्त्रीकडून मोकळी चाल बघून घ्या.

दुसरं काम पॅडलला रुंद पट्टी जोडायचं. टाच बसेल एवढी, वरून खडबडीत अशी चेकर प्लेट घ्या, आणि माझं मत आहे की वेल्डिंग न करता क्लॅम्पनं किंवा यू बोल्टनं जोडा, म्हणजे जागा मागं-पुढं करता येते आणि मूळ पॅडल शाबूत राहतं. वेल्डिंगच करायचं असेल तर पॅडल काढून बाहेर करा, ट्रॅक्टरवर ठेवून करू नका, वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतात. लांबी वाढवताना साधा हिशोब लक्षात ठेवा, पिनपासून टाचेचं अंतर १५ सेंटीमीटरचं २० केलं तर जोर पाऊणपट लागतो पण चाल एक तृतीयांशानं वाढते. म्हणजे पॅडल हलकं वाटेल, पण खाली फूटबोर्डला टेकून लॉक अर्धाच बसला तर दाते टोकावर झिजतील, त्यामुळं फार लांब करायचा मोह टाळा, रुंदी वाढवणं जास्त कामाचं. काहीजण त्याच पॅडलला रॉड जोडून हाताची लिव्हर वर आणतात, ज्यांना पायाचा त्रास आहे त्यांच्यासाठी ते चांगलं आहे, फक्त लिव्हर सोडली की आपोआप परत गेली पाहिजे.

इथं हात जोडून सांगतो, पॅडल दाबून ठेवायला हुक, साखळी, दोरी, वीट असलं काही लावू नका. दाबून धरायला लागतं ही कटकट वाटते पण तीच सेफ्टी आहे. लॉक लागलेला असताना ट्रॅक्टर नीट वळत नाही, पुढची चाकं वळवली तरी ती घासत सरळ जातात, एका बाजूचा ब्रेक मारून वळवायला गेलात तर दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यानं तेही जमत नाही. बांधाला, विहिरीच्या कडेला, रस्त्यावर हे झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. आणि पाय काढूनही लॉक सुटला नाही तर घाबरू नका, दात्यांवर लोड असतो म्हणून तो अडकतो, क्लच दाबा, नाहीतर स्टिअरिंग थोडं डावीकडं उजवीकडं करा, लोड सुटला की स्प्रिंग कॉलर मागं ओढते.

खरं तर हे सगळं शेतकऱ्यानं वर्कशॉपमध्ये करायचं कामच नाही. मोठ्या ट्रॅक्टरवर आता डिफ लॉकला बटण असतं आणि काहींमध्ये ब्रेकला पाय लागला की लॉक आपोआप सुटतो. छोट्या ट्रॅक्टरला बटण देणं परवडत नसेल हे समजू शकतो, पण रुंद पॅड, मागं-पुढं करायला दोन जास्तीची भोकं, आणि कधी दाबायचं कधी नाही हे आपल्या भाषेत सांगणारं चित्राचं स्टिकर, एवढं तर देता येईल ना. कंट्रोल कुठं असावेत आणि किती जोरात दाबावे लागावेत यासाठी आयएसओ १५०७७ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, पण स्टँडर्डमध्ये बसलं म्हणजे वावरात मागं वळून बसलेल्या माणसाच्या टाचेला सापडलंच असं नाही. कंपन्यांच्या डिझाइनवाल्यांनी दिवसभर नांगराला बसून हे एकदा बघावं अशी मनापासून विनंती आहे. आणि ट्रॅक्टर घरी देताना डेमो देणारे हायड्रॉलिक दाखवतात, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) दाखवतात, डिफ लॉक कोणी दाबून दाखवत नाही, तो पण दाखवा.

आपल्या शेतीच्या पानावर याची एखादी आकृती छापली तर फार बरं होईल. तोपर्यंत वाचकांनी एवढं करावं, इंजिन बंद करून हँडब्रेक लावून सीटवर बसा, मागच्या अवजाराकडं वळून बघा आणि खाली न बघता टाच त्या पॅडलवर ठेवून दाबून सोडून बघा. टाच सापडली नाही, घसरली किंवा सोडल्यावर पॅडल झटकन वर आलं नाही तर पुढच्या ओल्या वावरात जायच्या आधी ते दुरुस्त करून घ्या.

आपला नम्र,
एक ट्रॅक्टरचालक वाचक