युकॅट देणाऱ्या सगळ्यांसाठी सूचना: आता घड्याळ लावूनच सराव करा

युकॅटला, म्हणजे यूके, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणच्या मेडिकल-डेंटल प्रवेश परीक्षेला, बसणाऱ्या सगळ्यांनी हे नीट वाचा. जुनं मटेरियल वापरत असाल तर आधी बघून घ्या, कारण २०२५ पासून अॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांमधले पॅटर्न ओळखणं) हा भागच काढून टाकलाय, त्यावर वेळ घालवू नका. आता व्हर्बलला २२ मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३० सेकंद आणि त्यातच उतारा पण वाचायचा. पूर्ण उतारा वाचत बसलात तर वेळ पुरणारच नाही, आधी प्रश्न बघा, त्यातला एखादा ठळक शब्द पकडा आणि तोच उताऱ्यात शोधा.

निगेटिव्ह मार्किंग नाहीये, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलात की अंदाजाने एक पर्याय टिक करा, फ्लॅग करा (म्हणजे नंतर बघायची खूण), पुढे जा. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात आणि खरंच वाईट वाटतं, येत असलेले शेवटचे सहा-सात प्रश्न बघायचेच राहून जातात! एक सेक्शन संपला की परत मागे जाता येत नाही हेही ध्यानात ठेवा.

क्वांटिटेटिव्हला (गणिताचा भाग) ३६ प्रश्न, २६ मिनिटं. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच असतो, तेव्हा घरी पण तोच वापरायचा, मोबाईलवरचा नको.

या रविवारी सगळ्यांनी एक पूर्ण मॉक मध्ये न थांबता द्या आणि कुठल्या सेक्शनला किती प्रश्न राहिले ते ग्रुपवर टाका, मार्क नाही टाकले तरी चालेल.