घड्याळ अटकेपासूनच का?

संपादक महोदय,
नाकाबंदीत पोलीस फुंकायला लावतात त्या यंत्रावर विश्वास ठेवावा का, यावर आपल्या अंकात बरीच पत्रे येत आहेत. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, म्हणून रक्ताच्या बाजूचे थोडे लिहितो.

यंत्र चुकते, हे खरे. श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातले प्रमाण काढायला ते २१००:१ हे गुणोत्तर धरते आणि ते काही प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही. अल्कोहोलवाल्या माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल, तर आकडा उगाच चढतो. पण पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावले, की खरे-खोटे तिथेच कळते.

रक्ताचे तसे नाही. एका रात्री अपघातातल्या ड्रायव्हरला आणले, तेव्हा आमच्या नवख्या पोराने सवयीने स्पिरिटचा बोळा त्याच्या दंडाला लावलाच होता. "अरे, दारूच मोजायचीय ना?" म्हणून मी ओरडलो. नमुन्यासाठी करड्या बुचाची, फ्लोराइड घातलेली बाटली लागते, ती संपलेली. साध्या बाटलीतले रक्त उन्हाळ्यात पडून राहिले, तर जंतू त्यातल्या साखरेची दारू करू शकतात!

याहून मोठा घोळ वेळेचा. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी, असेही कायदा सांगतो. अटकेपासून, अपघातापासून नव्हे. दर तासाला शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम दारू जिरवते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शेने दोघांना चिरडले आणि चालवणाऱ्या मुलाचे रक्त घेतले सकाळी अकराच्या सुमारास. नमुना बदलल्याचा आरोप क्षणभर बाजूला ठेवा. आठ तासांत १२० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या चौपट दारू, कोणी काही न करताही उतरून जाते.

म्हणून अपघात कधी झाला, यंत्रात कधी फुंकले आणि सुई कधी टोचली, या तिन्ही वेळा एकाच कागदावर, डॉक्टर व पोलीस दोघांच्या सहीने लिहिणे सक्तीचे करावे. आमच्या फॉर्मवर वेळेचा रकाना होता. तो बहुतेक वेळा कोराच जाई.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, जि. सातारा