न्यूपोर्टला निघालेल्या मित्रास

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. मनासारखं कपड्यांच्या डिझाइनचं काम बॉस्टनमध्ये मिळालं आणि नेमकं आताच काही सुचेनासं झालंय, असं लिहिलंयस. सल्ला मागितला नाहीस, तरी मित्र म्हणून देतो. उन्हाळ्याच्या ऐन भरात न्यूपोर्टला जॅझ महोत्सव असतो. तुझ्यापासून दीड-दोन तासांची वाट. जा. आणि तिथे अधूनमधून मंचाकडे पाठ करून उभा राहा.

असं का म्हणतो ते सांगतो. बर्ट स्टर्न नावाचा फॅशनचा आणि जाहिरातींचा फोटोग्राफर १९५८ च्या जुलैमध्ये कॅमेरे घेऊन याच महोत्सवाला गेला. वय २८, चित्रपट याआधी कधी केलेला नाही. त्याचा 'जॅझ ऑन अ समर्स डे' तू पाहिला नसशील तर आज रात्रीच पाहा. लुई आर्मस्ट्राँग आहे, चक बेरी आहे, शेवटी रात्री महालिया जॅक्सन गाते. पण मी तो पुन्हा पुन्हा लावतो तो श्रोत्यांसाठी. स्टर्नचा कॅमेरा सारखा मंचावरून उतरून माणसांत जातो. गॉगल, स्वेटर, उन्हानं लालसर झालेले खांदे, तालावर हलणारा एखादाच पाय. कुणाला सांगून उभं केलंय असं वाटत नाही. त्या उन्हाळ्यात तिथल्या समुद्रात अमेरिकाज कपच्या शर्यतीची तयारी चालली होती. थेलोनियस मंक पियानो वाजवतो आणि पडद्यावर शिडाच्या होड्या कलत जातात. मंकचा तो थांबून थांबून पडणारा स्वर आणि वाऱ्यानं भरलेलं शीड एकत्र पाहिल्यावर, कापड अंगावर कसं पडावं हे मला माझ्या कामात नसूनही कळल्यासारखं वाटलं. तुला तर किती कळेल!

आणि अनिता ओडे. भर दुपारी ती मंचावर येते: काळा, अंगालगत बसणारा ड्रेस, पांढऱ्या पिसांची रुंद काळी हॅट, हातांत पांढरे हातमोजे. गाताना हॅटची कड डोळ्यांवर सावली धरते, आणि स्वर वर गेला की मान वर होऊन सगळा चेहरा उजेडात येतो. गाणं आणि पोशाख तिथे वेगळे काढताच येत नाहीत. मी एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर अडलो होतो, तेव्हा तो सावलीचा पट्टा मला उपयोगी पडला. हॅट काढली नाही, बाई काढली नाही. फक्त वरून खाली येणारा एक काळा पट्टा आणि त्याखाली पिवळं ऊन. कवीला आवडलं, मलाही.

स्टर्न ज्या वर्षी जन्मला त्याच १९२९ साली बिल कनिंगहॅमही जन्मला. न्यूयॉर्कला गेलास की फिफ्थ ॲव्हेन्यू आणि सत्तावन्नाव्या रस्त्याचा कोपरा बघून ये. फ्रेंच कामगारांचं निळं जाकीट घालून, सायकलवरून येऊन, हा माणूस वर्षानुवर्षं तिथे रस्त्यानं जाणाऱ्यांचे कपडे टिपत असे. १९७८ मध्ये एका बाईच्या कोटाचा खांदा त्याला इतका सुरेख कापलेला दिसला की त्यानं फोटो काढले. ती ग्रेटा गार्बो होती हे त्याला नंतर कळलं! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्याला आधी खांदा दिसला. तुला सध्या सगळीकडे ब्रँड आणि सीझन दिसतात, खांदे दिसत नाहीत, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. रागावू नकोस.

बाकी मंचाकडे पाठ करायला आपण काही अमेरिकेतच शिकायला पाहिजे असं नाही. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई सुरू केला १९५३ मध्ये आणि न्यूपोर्ट सुरू झालं १९५४ मध्ये, हे मला अलीकडेच लक्षात आलं आणि उगाचच फार आनंद झाला. रमणबागेतला मांडव आठव. आपण भारतीय बैठकीत मागे असायचो, समोर नुसत्या पाठी. शाली, मफलर, इरकलीचे पदर, कुणाचा हातानं विणलेला स्वेटर. विलंबितात सगळं स्थिर, आणि समेवर येताना शेकडो माना एकदम हलायच्या. मानेबरोबर शालीची घडी मोडायची, पदर खांद्यावरून किंचित सरकायचा. तू तेव्हा तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं त्या घड्या काढायचास. गाणं ऐकत नाहीस म्हणून शेजारचे आजोबा तुझ्यावर चिडले होते, पण मी सांगतो, तू त्यांच्याइतकंच ऐकत होतास.

आता तिथलं सांगतो. महोत्सव फोर्ट ॲडम्सला भरतो. जुना किल्ला, तिन्ही बाजूंना खाडीचं पाणी. तिकीट न काढता लोक होड्या नांगरून पाण्यातूनही ऐकतात. पाण्यावरून परतणारा उजेड खालून येतो, त्यामुळे हनुवटीखाली, हॅटच्या आतल्या बाजूला, बाहीच्या पोकळीत रंग वेगळा दिसतो. तो बघ. दुपार कलताना बघ. घामानं सुती कापड पाठीला कुठे चिकटतं आणि कुठे सुटं राहतं ते बघ. तुमच्या स्टुडिओतल्या पुतळ्याला घाम येत नाही. म्हाताऱ्या जोडप्यांकडे जास्त लक्ष दे, ती कपडे स्वतःच्या सोयीनं घालतात.

फोनवर शंभर फोटो काढलेस तरी चालेल, पण वही ने. आणि तिथून आल्यावर निवडून, नीट करून काही पाठवू नकोस. पेन्सिलीच्या रेघा जशा असतील तशा पाठव. मला बाह्या हव्यात. एका नव्या मुखपृष्ठावर एक रिकामी बाही काढायची आहे आणि मी पुण्यात नुसती वाळत घातलेल्या शर्टांची चित्रं काढतोय.

वहिनींना नमस्कार सांग. तिकीट काढलंस की कळव.

तुझाच,
बंड्या