घोट्याची चीर आणि चार मिलिमीटरची फट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘घोट्याचे हाड मोडले’ हा शब्दप्रयोग बातम्यांतून आणि आरोग्यविषयक लेखांतून नेहमी वाचायला मिळतो. घोट्याचे असे एक हाड नसते. ही केवळ शब्दांची चूक असती तर पत्र लिहिले नसते. पण ‘बारीक हाड आहे, बारीक चीर आहे, प्लास्टर पुरे’ आणि ‘फ्रॅक्चर आहे ना, मग प्लेट टाकाच’ हे दोन्ही चुकीचे आग्रह याच गैरसमजातून येतात.

अंगठा आतल्या घोट्यावर आणि मधले बोट बाहेरच्या घोट्यावर ठेवून पाहा. दोन्ही उंचवटे एका पातळीत नाहीत. बाहेरचा सुमारे एक सेंटिमीटर अधिक खाली उतरलेला आणि थोडा मागे असतो. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचा, म्हणजे टिबियाचा. बाहेरचा मात्र त्याच्या शेजारच्या बारीक हाडाचे, फिब्युलाचे, टोक आहे. वर टिबियाचे छत आणि दोन्ही बाजूंना हे दोन उंचवटे, अशी खोबण तयार होते. तिच्यात टॅलस हे पावलाचे सर्वांत वरचे हाड घट्ट बसते. टॅलसचा माथा पुढे रुंद आणि मागे दोन-तीन मिलिमीटर अरुंद असतो. म्हणून पाऊल वर उचलले की सांधा पक्का होतो, आणि चवड्यावर उभे राहिले की किंचित सैल. उंच टाचेच्या चपलेत पाय का मुरगळतो, याचे एक कारण इथे आहे.

फिब्युलाला ‘बिनकामाचे हाड’ म्हणणाऱ्यांचे निम्मे बरोबर आहे. जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी याच हाडाचा लांब तुकडा काढून घेतात आणि माणूस व्यवस्थित चालतो. पण तुकडा काढताना खालचे किमान सहा ते आठ सेंटिमीटर शिल्लक ठेवतात, कारण ती खोबणीची बाहेरची भिंत आहे. ती भिंत सरकली की टॅलस तिच्यामागे जाते. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 साली मृतदेहांच्या पायांवर केलेल्या प्रयोगात टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकवल्यावर टिबियाशी होणारा त्याचा स्पर्श सरासरी 42 टक्क्यांनी घटला. वेगळ्या पद्धतीच्या नंतरच्या प्रयोगांत घट एवढी मोठी दिसली नाही, हेही सांगायला हवे. पण तोच भार थोड्या कूर्चेवर, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत आवरणावर, पडला की ती लवकर झिजते, याबद्दल वाद नाही.

म्हणून एक्स-रेवर चिरेपेक्षा फट महत्त्वाची. पाय 15 ते 20 अंश आत वळवून काढलेल्या चित्रात टॅलसभोवतीची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. आतला घोटा आणि टॅलस यांच्यातले अंतर साधारण 4 मिलिमीटरच्या पुढे गेले, तर आतला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटल्याची शंका घ्यावी. अस्थिबंध एक्स-रेवर दिसत नाही आणि घोटाळा नेमका तिथे होतो. सांध्याच्या पातळीवर फिब्युलाला तिरकी चीर, आतले हाड शाबूत, आडवे झोपवून काढलेले चित्र निर्दोष: असा रुग्ण स्थिर असू शकतो, अस्थिरही. भार देऊन, किंवा पाय कडेला लोंबता ठेवून पुन्हा चित्र काढले की उत्तर मिळते. फट उघडली नाही तर शस्त्रक्रियेची बहुधा गरज नसते. आणि घोट्यात आत सूज व वेदना असूनही तिथे फ्रॅक्चर दिसत नसेल, तर गुडघ्याखाली बाहेरून दाबून पाहावे. कधीकधी फिब्युला तिथे वर मोडलेले असते आणि घोट्याच्या चित्रात ते येतच नाही.

शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त चुकते ती फिब्युलाची लांबी. चुरा झालेले हाड दोन-तीन मिलिमीटर आखूड आणि किंचित वळलेले राहिले, तर प्लेट सुंदर दिसते, पण खोबण रुंदच राहते. चुऱ्याचे तुकडे जुळवून लांबी कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या घोट्याचे चित्र शेजारी ठेवावे. फिब्युलाचे टोक आणि टॅलसची बाहेरची कड मिळून नाण्यासारखा अखंड गोल कंस दिसायला हवा.

दुसरी चूक दोन्ही हाडांना बांधणाऱ्या स्क्रूची. फिब्युला टिबियाच्या नुसती बाजूला नव्हे, तर बाजूला आणि थोडी मागे, एका खाचेत असते. म्हणून स्क्रू सांध्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, मागून पुढे 25 ते 30 अंश तिरका जावा लागतो. सरळ आडवा घातला, किंवा हाडे धरून ठेवणारा चिमटा चुकीच्या दिशेने लावून आवळला, की फिब्युला खाचेतून पुढे-मागे सरकते. साध्या एक्स-रेत हे सहज निसटते, सीटी स्कॅनमध्ये दिसते. टिबियाच्या मागच्या कडेचा तुकडा पूर्वी ‘लहान आहे’ म्हणून सोडून देत. त्याच तुकड्याला दोन्ही हाडे बांधणारा मागचा भक्कम अस्थिबंध चिकटलेला असतो, त्यामुळे आता केवळ आकारावर निर्णय घेत नाहीत.

नातेवाइकांची एक तक्रार नेहमीची: ‘चार दिवस झाले, ऑपरेशन का करत नाहीत?’ घोट्याभोवती स्नायूंची गादी नाही. कातडीखाली लगेच हाड. ताणलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चिरा दिला की टाके उसवतात आणि प्लेट उघडी पडते. पाय उंच ठेवून, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या येईपर्यंत, कधी आठवडा तर कधी दोन आठवडे, थांबणे हा उपचारच आहे. मात्र सांधा निखळला असेल तर तो जागेवर बसवायला तासभरही दवडू नये, आणि जखमेतून हाड उघडे पडले असेल तर हा थांबण्याचा नियम लागू नाही. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल, तर जास्त मजबूत जोडणी आणि नेहमीच्या जवळजवळ दुप्पट काळ भार न देणे, हे आधीच ठरवावे लागते. दुखत नाही म्हणून असा रुग्ण चालतो आणि स्क्रू उखडतात.

आपल्या आरोग्य पुरवणीत घोट्याच्या दुखापतीवर पुढे कधी लेख आला, तर चिरेला बाण दाखवणाऱ्या एक्स-रेसोबत टॅलसभोवतीच्या फटीलाही बाण दाखवावा, एवढी विनंती.

आपले,
घोटा व पाऊल यांच्या शस्त्रक्रिया करणारे दोन अस्थिरोगतज्ज्ञ