कावासाकीनंतरचा ‘एको नॉर्मल’

संपादक महोदय,

कावासाकी हा लहान मुलांना ताप आणि रक्तवाहिन्यांचा दाह होणारा आजार. त्यातून बऱ्या झालेल्या मुलाच्या कागदावर ‘एको नॉर्मल’ (हृदयाची सोनोग्राफी ठीक) असा शेरा आला, की ती फाइल कपाटात जाते. पण या शेऱ्याखाली दोन वेगळी मुले येतात. एकाच्या हृदयाच्या धमन्या कधी फुगल्याच नव्हत्या. दुसऱ्याच्या फुगल्या होत्या आणि नंतर मापात आल्या. पहिल्याची काळजी बहुतेक संपलेली असते, दुसऱ्याची नाही.

दाहामुळे धमनीच्या भिंतीतले लवचीक थर तुटतात आणि भिंत फुग्यासारखी बाहेर येते. पुढच्या एक-दोन वर्षांत निम्म्याहून अधिक फुगवटे मापात येतात, पण तुटलेले थर जुळून आल्यामुळे नव्हे. आतल्या बाजूने नव्या पेशींचा थर चढतो, भिंत जाड होते आणि पोकळी लहान होते. एको पोकळीचा व्यास मोजतो, भिंतीचा कस नाही. अशी धमनी नायट्रोग्लिसरीन हे धमन्या रुंदावणारे औषध देऊनही पुरेशी रुंदावत नाही. काही वर्षांनी तिथे कॅल्शियम साठू शकते, ती अरुंद होऊ शकते.

धमनीच्या आतल्या अस्तराचे काम तपासण्याची एक साधी पद्धत आहे. हातावर पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग सोडायचा आणि दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचे. निरोगी अस्तर अशा वेळी धमनी रुंदावणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडते. धमनी इथे कमी रुंदावली, पण नायट्रोग्लिसरीनने नीट रुंदावली, तर दोष स्नायूत नसून अस्तरात आहे. मात्र ज्यांच्या धमन्या कधीच फुगल्या नाहीत, अशा मुलांबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा या चाचणीवरून एखाद्या मुलाचे भवितव्य सांगू नये आणि पालकांना घाबरवू नये.

खरी गरज एका आकड्याची आहे. मुलाच्या शरीराच्या आकारमानाच्या तुलनेत धमनी किती रुंद आहे, हे झेड स्कोअर सांगतो. २ पेक्षा कमी म्हणजे ठीक, २.५ पासून पुढे लहान फुगवटा, ५ पासून मध्यम, १० किंवा त्याहून अधिक म्हणजे महाकाय. शेवटचा नव्हे, तर आजवरचा सर्वांत मोठा झेड स्कोअर डिस्चार्ज कार्डावर हवा. त्यासोबत कोणती धमनी, कोणती तारीख आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिले जाणारे प्रतिपिंडांचे औषध) तापाच्या कितव्या दिवशी दिले, हेही लिहावे. हे औषध किलोमागे २ ग्रॅम या प्रमाणात पहिल्या दहा दिवसांत दिले, तर फुगवट्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येते. सहा महिन्यांखालच्या बाळांत लाल डोळे, लाल ओठ, पुरळ अशी लक्षणे अनेकदा पुरी दिसत नाहीत, म्हणून निदानाला उशीर होतो आणि नुकसान तिथेच जास्त होते.

घरी सांभाळायच्या गोष्टीही कार्डावर याव्यात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेले ॲस्पिरिन चालू असताना आयबुप्रोफेन हे ताप-वेदनेचे औषध देऊ नये, ते ॲस्पिरिनचा परिणाम रोखते. फ्लू किंवा कांजिण्यांची शंका येताच डॉक्टरांना विचारावे, कारण अशा वेळी ॲस्पिरिनमुळे राय सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृतावर परिणाम करणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलावी, नाहीतर ती नीट लागू पडत नाही. महाकाय फुगवटा असेल तर ॲस्पिरिनसोबत सहसा वॉरफरिन हे रक्त गोठणे कमी करणारे औषध लागते. त्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) साधारण २ ते ३ ठेवतात आणि तपासण्या आयुष्यभर चालतात.

मूल अठरा वर्षांचे झाले, की बालहृदयतज्ज्ञाकडची तपासणी बंद होते आणि पुष्कळदा मोठ्यांच्या डॉक्टरांकडची सुरूच होत नाही. लहानपणी फुगवटा असलेल्या पंचविशीच्या तरुणाच्या छातीत दुखले, तर ‘या वयात ॲसिडिटीच असणार’ म्हणून परत पाठवू नये. त्याच्या धमनीत चरबी नसली तरी जुन्या फुगवट्यात गुठळी झालेली असू शकते. ताबडतोब ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी) करावे, आणि ते कार्ड त्याने पहिल्याच मिनिटाला दाखवावे.

आपले,
बालहृदयविकारांचे अभ्यासक